निरगाठ, सुरगाठ आणि उज्जैनचे बीजगणित

मराठीत गाठीचे दोन वाण आहेत. पोत्याचे तोंड बांधायचे तर निरगाठ, परकराची नाडी बांधायची तर सुरगाठ. पहिलीचे टोक जितके ओढावे तितकी ती आवळत जाते; दुसरीचे टोक ओढताच ती सळकन सुटते. शिवाय गाठ असो की कोडे असो, आपण दोन्ही 'सोडवतो', आणि दोहोंची 'उकल'च होते. ज्या भाषेने हे दोन अर्थ एका शब्दात बांधले तिला गणितातील गाठशास्त्र परके वाटण्याचे कारण नाही. गाठशास्त्राचा मूळ प्रश्न हाच आहे की समोर दिसणारी गाठ खरोखरीच निरगाठ आहे, की सोडवणाऱ्याचा धीर अपुरा पडला आहे?

गणिती मात्र एक अट घालतो. गाठ मारून झाली की दोऱ्याची दोन्ही टोके जोडून टाकायची, म्हणजे टोक ओवून गाठ सोडवण्याची पळवाट उरत नाही. आता दोरा ताणा, वाकवा, पसरा, गोळा करा. तोडू मात्र नका. अशा खेळाने जिचा साधा वाटोळा वेढा होतो ती गाठ नव्हेच. आपली सुरगाठ या कसोटीला उतरत नाही. तिच्यात आत खोवलेला पदर मागे खेचला की झाले. परंतु दोऱ्याला साधा वेढा देऊन टोक त्यातून ओवले आणि मग टोके जोडली, तर तीन ठिकाणी स्वतःला ओलांडणारी एक आकृती मिळते. सारखी करून ठेवली तर ती बेलाच्या पानासारखी तीन दलांची दिसते. तिला आपण बेलगाठ म्हणू.

आणखी एक अट आहे, ती इंदूरकरांना सराफ्यात उभ्या उभ्या समजेल. जलेबा कितीही वळणांचा असला तरी त्याला गाठ म्हणता येत नाही, कारण कढईत त्याचे वेढे एकमेकांना चिकटतात. गणितातला दोरा स्वतःला कोठेही चिकटता कामा नये. कागदावरच्या चित्रात तो स्वतःला छेदताना दिसला, तरी प्रत्यक्षात एक पदर वर आणि दुसरा खाली असतो.

या शास्त्राचा जन्म एका चुकीच्या कल्पनेतून झाला. १८६७ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी असे मांडले की अणू म्हणजे ईथरमधले भोवऱ्यांचे वेढे असावेत, आणि वेगळ्या गाठीचा वेढा म्हणजे वेगळे मूलद्रव्य. त्यांचे स्नेही पीटर टेट गाठींची यादी करू लागले. पुढे ईथर गेला, भोवऱ्यांचे अणू गेले, यादी मात्र राहिली. तीन छेदांची गाठ एकच आहे, चार छेदांचीही एकच. पाच छेदांच्या दोन, सहांच्या तीन, सातांच्या सात, आठांच्या एकवीस, नवांच्या एकोणपन्नास आणि दहा छेदांच्या एकशे पासष्ट. हा शेवटचा आकडा बरीच वर्षे एकशे सहासष्ट समजला जात असे. एकोणिसाव्या शतकात केलेल्या यादीतील दोन 'वेगळ्या' गाठी मुळात एकच आहेत, हे १९७४ मध्ये केनेथ पर्को यांनी दाखवले. पर्को हे न्यूयॉर्कमधील वकील होते. गाठशास्त्राच्या दाराशी पदव्यांचा पहारा तितकासा कडक नाही, याची ही खूण समजायला हरकत नाही.

पण बेलगाठ सुटत नाही हे सिद्ध कसे करावे? हजार वेळा प्रयत्न करून हरलो, हा पुरावा नव्हे. हजार एकाव्या वेळी सुटली तर? येथे प्रिन्स्टनचे राल्फ फॉक्स यांची युक्ती इतकी सोपी आहे की ती शाळेतल्या मुलांना सांगावी. गाठीचे चित्र काढताना जिथे दोरा खालून जातो तिथे रेघ तोडतात. बेलगाठीच्या चित्राचे असे तीन तुकडे पडतात. त्यांना तीन रंग द्या: लाल, हिरवा, पिवळा. नियम एवढाच, की प्रत्येक छेदापाशी जे तीन तुकडे भेटतात त्यांचे रंग एक तर सगळे सारखे असावेत किंवा तिन्ही निरनिराळे असावेत, आणि सबंध चित्रात एकाहून अधिक रंग आलेले असावेत. बेलगाठीला हा नियम सहज पाळता येतो.

आता दोरा हलवताना चित्रात जे काही बदलते ते तीनच हालचालींनी घडवून आणता येते, हे राइडेमाइस्टर या जर्मन गणितज्ञांनी १९२७ मध्ये दाखवले होते: पदराला एक पीळ देणे अथवा काढणे, एक पदर दुसऱ्यावर सरकवणे अथवा मागे घेणे, आणि एक पदर दुसऱ्या दोघांच्या छेदावरून पलीकडे नेणे. या तिन्ही हालचाली कागदावर करून पाहिल्या तर असे आढळते की नियमात बसणारे रंग हालचालीनंतरही नियमात बसवता येतात. साध्या वेढ्याचा मात्र एकच तुकडा, म्हणून एकच रंग. सबब बेलगाठीचा साधा वेढा कधीच होणार नाही. आजही नाही आणि हजार वर्षांनीही नाही. माणसाच्या हाती इतका निर्वाळा देणारी साधने फार थोडी असतात. (उलट दिशेने मात्र ही कसोटी चालत नाही. चार छेदांची गाठ तीन रंगांना दाद देत नाही, तरीही ती पक्की निरगाठ आहे.)

येथवरची कथा युरोप-अमेरिकेची झाली. तिचा एक पदर आपल्या माळव्यातून जातो. श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैन येथे झाला. होळकरांच्या इंदुराहून शिंद्यांचे उज्जैन अवघे ५५ किलोमीटर. बालपण ग्वाल्हेरात गेले; वडील शंकर केशव अभ्यंकर तेथे गणित शिकवीत. १९५१ मध्ये मुंबईत बी.एस्सी. होऊन ते हार्वर्डला गेले आणि १९५५ मध्ये ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली डॉक्टर झाले. पुढची अनेक दशके अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेली, तरी त्यांचा एक पाय इकडेच असे. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. २ नोव्हेंबर २०१२ रोजी ते निवर्तले.

अभ्यंकर गाठींचे अभ्यासक नव्हते. त्यांचे क्षेत्र बैजिक भूमिती. त्या क्षेत्रात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमूर्ततेची मोठी लाट आली. जुन्या पद्धतीची आकडेमोड, समीकरणांशी झोंबी घेणे हे मागासलेपणाचे लक्षण ठरू लागले. अभ्यंकरांनी या लाटेला पाठ दिली नाही, पण तिच्यासमोर मानही तुकवली नाही. हायस्कुलातले बीजगणित अजून संपलेले नाही, असे ते उघडपणे म्हणत आणि त्याच्या बळावर नवे सिद्धांत काढून दाखवीत. बैजिक भूमितीच्या इतिहासावरील त्यांच्या १९७६ च्या निबंधाला पुढे १९७८ चे शोव्हने पारितोषिक मिळाले, तेही या भूमिकेच्या मांडणीसाठीच म्हटले तरी चालेल.

त्यांचा एक प्रसिद्ध सिद्धांत असा. एक भुंगा सपाट कागदावर अनंत काळ चालतो आहे असे समजा. कोणत्याही क्षणाला 'ट' म्हणू. त्या क्षणी भुंगा पूर्वेला किती आणि उत्तरेला किती, हे ट च्या दोन बहुपदींनी सांगितले आहे. बहुपदी म्हणजे ट चे वर्ग, घन वगैरे घात आणि त्यांची बेरीज-वजाबाकी, बाकी काही नाही. आता भुंग्याचा माग स्वतःला कोठेही छेदत नसेल, कोठेही टोकदार अडखळत नसेल आणि संमिश्र संख्यांतही हेच खरे असेल, तर तो माग वळणावळणाचा दिसला तरी बैजिक रीतीने सरळ करता येतो. अभ्यंकर आणि मो यांनी १९७५ मध्ये सिद्ध केलेली यातली किल्ली लहान मुलालाही सांगता येईल: अशा वेळी दोन बहुपदींपैकी लहान घात मोठ्या घाताला नि:शेष भागतो. भागतो म्हणूनच लहान बहुपदीचा योग्य तो घात मोठीतून वजा करता येतो, मोठीचा घात उतरतो, पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि शेवटी सरळ रेघ उरते. सपाट कागदावर म्हणजे सगळ्या सुरगाठीच. किल्ली सांगायला सोपी असली तरी तिची सिद्धता मुळीच सोपी नाही.

मग अवकाशात काय? भुंगा चालण्याऐवजी उडू लागला, पूर्व आणि उत्तर यांच्या जोडीला उंची आली, तीन बहुपदी झाल्या. येथे ज्याला बैजिक रीतीने सरळ करताच येणार नाही असा माग निघेल काय, हा प्रश्न अभ्यंकरांनी विचारला. आणि बैजिक भूमितीतला हा प्रश्न मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनंत शास्त्री यांनी गाठीच्या अंगाने हाती घेतला. १९९२ मध्ये जपानच्या तोहोकू गणित नियतकालिकात त्यांचा जो लेख आला त्यात त्यांनी सिद्ध केले की जगातली कोणतीही गाठ तीन बहुपदींनी मारता येते. भुंगा अनंतातून येतो, गाठ घालतो आणि अनंतात निघून जातो. दोन्ही टोके तिथे जोडली आहेत असे समजायचे.

शास्त्रींनी दिलेली बेलगाठ येथे पूर्णच देतो, कारण ती कोणत्याही बारावीच्या विद्यार्थ्याला तपासता येते. पूर्वेचे अंतर: ट चा घन, वजा ट ची तिप्पट. उत्तरेचे अंतर: ट चा चौथा घात, वजा ट च्या वर्गाची चौपट. उंची: ट चा पाचवा घात, वजा ट ची दहापट. संपले! तीन, चार, पाच हे घात आणि तीन, चार, दहा हे गुणक.

ट च्या जागी ३ चे वर्गमूळ घालून पाहा. पूर्वेचे अंतर शून्य येते, उत्तरेचे ९ वजा १२ म्हणजे उणे ३. आता उणे वर्गमूळ घाला. पुन्हा शून्य आणि उणे ३. वरून पाहणाऱ्याला भुंगा एकाच जागी दोनदा आलेला दिसतो. परंतु उंची? पहिल्या वेळी ती उणे वर्गमूळ ३, दुसऱ्या वेळी अधिक वर्गमूळ ३. म्हणजे एकदा खालून गेला, एकदा वरून. असे छेद एकंदर तीन आहेत. भुंगा ज्या क्षणी छेदावर असतो ते सहा क्षण सुमारे असे: उणे १.९३, उणे १.७३, उणे ०.५२, मग ०.५२, १.७३ आणि १.९३. पहिला क्षण चौथ्याशी, दुसरा पाचव्याशी, तिसरा सहाव्याशी जुळतो. प्रत्येक जोडीच्या उंचींची तुलना केली तर क्रम निघतो: खाली, वर, खाली, वर, खाली, वर. ही बेलगाठच. एका कागदावर, एका संध्याकाळी हे सारे होते.

तीन आणि चार हेच घात का, तेही पाहण्यासारखे आहे. तीनाने चाराला भाग जात नाही. तेव्हा अभ्यंकरांच्या सिद्धांताप्रमाणे सपाट कागदावर हा माग विनाछेद राहूच शकत नाही. छेद जास्तीत जास्त किती, याचेही गणित आहे: दोन्ही घातांतून एकेक कमी करा, गुणाकार करा, निम्मे करा. दोन गुणिले तीन, सहाचे निम्मे तीन. बेलगाठीला लागतात तेवढेच, एकही वाया नाही.

बेलगाठ तोडल्याशिवाय सरळ होत नाही हे रंगांनी आधीच सिद्ध केले आहे. म्हणून साध्या, वास्तव संख्यांच्या जगात अभ्यंकरांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले: सरळ न होणारा माग आहे, आणि तो हा पाहा. उज्जैनच्या माणसाने विचारलेला प्रश्न, मुंबईत मिळालेले उत्तर, आणि दोहोंचे साधन हायस्कुलातले बीजगणित! असे आपल्याकडे रोज घडत नाही.

त्यानंतर ही वाट पुढे चालू राहिली. पुण्याच्या आयसर संस्थेतील रमा मिश्रा यांनी बहुपदी गाठींवर पुष्कळ काम केले आहे. त्यातला एक मोठा प्रश्न काटकसरीचा आहे: अमुक गाठ मारायला कमीत कमी कितवा घात पुरेल? गाठ मोठी होत गेली की या प्रश्नाचे उत्तर झपाट्याने अवघड होते.

आता विद्यार्थ्यांविषयी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्स नावाचे एक महाविद्यालय आहे. तेथे १९८८ पासून दर उन्हाळ्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना न सुटलेले प्रश्न देऊन बसवतात. या उपक्रमाचे नाव 'स्मॉल'. पहिल्या पाच प्राध्यापकांच्या आडनावांची आद्याक्षरे जुळवून ते झाले आहे. त्या पाचांपैकी कॉलिन अॅडम्स हे गाठशास्त्री. २०१२ मध्ये अॅडम्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मिळून एक सुरेख गोष्ट दाखवली. कोणतीही गाठ अशी मांडता येते की वरून पाहिले असता सगळे छेद एकाच बिंदूत येतात आणि भोवती फुलाच्या पाकळ्या दिसतात, एका रेघेत काढलेल्या रांगोळीतल्या फुलासारख्या. पाकळ्यांची संख्या नेहमी विषम. बेलगाठीला पाच पाकळ्या लागतात, आणि चार छेदांच्या गाठीलाही पाचच. मग गाठीची सारी ओळख एवढीच उरते की मध्यबिंदूपाशी कोणता पदर कितव्या मजल्यावर आहे. पदवीही न झालेल्या मुलामुलींचे हे काम आज संशोधक आपल्या लेखांत आधाराला घेतात.

आपल्याकडे आयसर संस्थांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटचे वर्ष संशोधन-प्रबंधाला दिलेले असते, हे चांगलेच आहे. पण सर्वसाधारण महाविद्यालयातला गणिताचा पदवीधर तीन वर्षे केवळ सुटलेलीच गणिते सोडवत राहतो. ज्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी नाही, प्राध्यापकांकडे नाही, जगात कोणाकडेच नाही, असा प्रश्न त्याच्यासमोर एकदाही येत नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला तीन वर्षे केवळ नकला करायला लावाव्यात तसे हे झाले. होळकर महाविद्यालय १८९१ पासून या गावात विज्ञान शिकवीत आहे, २००९ पासून येथे आय.आय.टी.ही आहे, सुतळीचा तुकडा आणि आलेखाची वही एवढ्या सामग्रीवर चालणाऱ्या संशोधनाला येथे जागेची अडचण पडू नये. प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. विचारणारा मात्र लागतो.

आणि प्रश्नांचा तुटवडा नाही. गाठीतला एखादा छेद उलटा केला, म्हणजे खालचा पदर वर घेतला, तर असे कमीत कमी किती छेद उलटवून गाठ सुटते, हे मोजता येते. दोन गाठी एकाच दोऱ्यावर एकापुढे एक मारल्या तर दोघींची बेरीज येणार, असे कित्येक दशके बहुतेकांना वाटत आले होते. २०२५ मध्ये ब्रिटनहॅम आणि हर्मिलर या अमेरिकन जोडीने एक उदाहरण पुढे ठेवले. सात छेदांच्या एका अगदी साध्या गाठीला तीन लागतात. तिच्या आरशातल्या प्रतिमेलाही तीन. दोन्ही एकत्र बांधल्या तर सहा लागायला हवेत, पाचच पुरतात. गाठ जुन्या यादीच्या पहिल्या पानावरची होती.

अभ्यंकरांच्या प्रश्नाचाही अर्धा भाग असाच उरला आहे. ट या अक्षराला संमिश्र किमती घेण्याची मुभा दिली की अवकाश इतके ऐसपैस होते की दोऱ्याला अडकायला जागाच राहत नाही, आणि रंगांची कसोटी तिथे निरुपयोगी ठरते. सपाट जगात प्रत्येक माग सरळ होतो, हे आपण पाहिले. चार किंवा अधिक मितींतही प्रत्येक माग सरळ होतो, हेही सिद्ध झालेले आहे. मधले तीन मितींचे जग तेवढे शिल्लक आहे. तिथे शास्त्रींची ती तीन ओळींची बेलगाठ बैजिक रीतीने सरळ होईल की नाही, निरगाठ ठरेल की सुरगाठ, हे अद्याप कोणी दाखवलेले नाही.